‘पासून’ म्हणजे सिन्स की फॉर? इंग्रजी प्रिपोझिशन मराठी माणसाला का चकवतात

समजा, ऑफिसात साहेबांनी सांगितलं, ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देतो असं क्लायंटला कळवा.’ तुम्ही लगेच ईमेल लिहिला: ‘वुई विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.’ स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, शब्दांचा क्रमही बरोबर. तरी वाचणारा गोंधळणार. कारण या वाक्याचा अर्थ होतो, ‘शुक्रवार येईपर्यंत आम्ही रिपोर्ट पाठवत राहू.’ तिथे ‘बाय फ्रायडे’ हवं होतं. मराठीत ‘पर्यंत’ हा एकच शब्द आहे. इंग्रजीत त्या जागी दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांची अदलाबदल चालत नाही.

इन, ऑन, ॲट, टू, फॉर, बाय, विथ. दिसायला हे शब्द चिमुकले. पण शाळा-कॉलेजात दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकलेला, वर्तमानपत्र सहज वाचणारा माणूससुद्धा नेमका इथे अडखळतो. बरेच जण मग ‘आपलं इंग्रजीच कच्चं’ असं म्हणून गप्प बसतात. खरं तर यातल्या बहुतेक चुकांमागे एकच कारण असतं. आपण मराठीतला प्रत्यय उचलतो आणि त्याच्या जागी एक ठरावीक इंग्रजी शब्द बसवतो. ते का जमत नाही आणि त्याऐवजी काय करायचं, ते या लेखात पाहू.

आधी हे प्रिपोझिशन म्हणजे काय?

वाक्यातल्या दोन गोष्टींचं नातं सांगणारा शब्द म्हणजे प्रिपोझिशन. ‘द बुक इज ऑन द टेबल’ या वाक्यात पुस्तक आणि टेबल यांचं नातं ‘ऑन’ सांगतो. मराठीत हेच काम विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं करतात: टेबलावर, घरात, गावाहून, आईसाठी, पेनने. फरक जागेचा. इंग्रजीत हा शब्द नामाच्या आधी येतो, मराठीत तो नामाच्या मागे चिकटतो, आणि चिकटताना नामाचं सामान्यरूपही करतो. ‘टेबल’चं ‘टेबला’ होतं आणि मग ‘वर’ लागतो.

गंमत म्हणजे एके काळी इंग्रजीसुद्धा बरीचशी आपल्यासारखीच चालायची. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. प्रिपोझिशन तेव्हाही होती, पण बरंच काम शब्दाच्या शेवटचे प्रत्यय करत. पुढच्या काही शतकांत हे प्रत्यय झिजत गेले आणि त्यांचं ओझं प्रिपोझिशनवर आणि शब्दांच्या क्रमावर आलं. ‘रामाज बुक’ मधला ‘ज’ आणि ‘ही’चं होणारं ‘हिम’ ही त्या जुन्या विभक्तींची आज उरलेली खूण.

एका शब्दावर इतकं ओझं पडलं की त्याचे अर्थ पसरतात. ‘विथ’चंच घ्या. आज आपण त्याचा अर्थ ‘सोबत’ असा करतो, पण जुन्या इंग्रजीत तो ‘विरुद्ध’ या अर्थाने वापरत. म्हणून ‘फाइट विथ’ म्हणजे आजही सहसा ‘च्याशी भांडणं’, आणि ‘विथस्टँड’ म्हणजे ‘च्यापुढे टिकून राहणं’. ‘सोबत’साठी तेव्हा ‘मिड’ हा वेगळा शब्द होता. तो पुढे मेला, पण ‘मिडवाइफ’ या शब्दात टिकून राहिला. मिडवाइफ म्हणजे बाईच्या सोबत असणारी, आपली सुईण.

सांगायचा मुद्दा हा, की प्रिपोझिशन म्हणजे प्रत्येकी एक अर्थ असलेले शब्द नव्हेत. म्हणूनच ‘वर म्हणजे ऑन, ला म्हणजे टू’ हे शाळेतलं कोष्टक थोडं अंतर चालतं आणि मग दगा देतं.

दोन प्रकार ओळखा, अर्धं काम झालं

सोयीसाठी प्रिपोझिशनचे दोन प्रकार करू.

पहिला प्रकार अर्थाचा. जागा, वेळ, दिशा, साधन सांगणारी प्रिपोझिशन यात येतात. इथे विचार करून उत्तर काढता येतं, कारण त्यामागे एक चित्र असतं. पुस्तक टेबलाच्या पृष्ठभागावर असेल तर ‘ऑन’, खणात असेल तर ‘इन’.

दुसरा प्रकार जोडीचा. ‘मॅरीड टू’, ‘डिपेंड ऑन’, ‘अफ्रेड ऑफ’, ‘इंटरेस्टेड इन’. इथे क्रियापदाने किंवा विशेषणाने आपला जोडीदार आधीच ठरवलेला आहे. ‘डिपेंड’ला ‘ऑन’च का, याचं समाधानकारक उत्तर रोजच्या वापरात मिळत नाही. मराठीतही ‘घाबरणं’ हे ‘ला’ घेतं आणि ‘चिडणं’ हे ‘वर’ घेतं. कुत्र्याला घाबरतो, कुत्र्यावर चिडतो. का, ते आपण कधी विचारत नाही. लहानपणापासून ऐकून ते अंगवळणी पडलेलं असतं.

पहिल्या प्रकारात पाठांतर करत बसू नये आणि दुसऱ्या प्रकारात तर्क लढवत बसू नये. गोंधळ होतो तो बहुतेकदा याच्या उलट केल्यामुळे.

जागा: बिंदू, पृष्ठभाग, वेढा

जागेसाठी तीन चित्रं डोळ्यासमोर ठेवा. ‘ॲट’ म्हणजे नकाशावरचा बिंदू. ‘ऑन’ म्हणजे पृष्ठभाग किंवा रेष. ‘इन’ म्हणजे चारी बाजूंनी वेढलेली जागा.

पत्ता सांगताना तिन्ही एकत्र दिसतात. पुणे ही पसरलेली जागा, म्हणून ‘इन पुणे’. लक्ष्मी रोड ही रेष, म्हणून ‘ऑन लक्ष्मी रोड’. घर क्रमांक हा नेमका बिंदू, म्हणून ‘ॲट १२, लक्ष्मी रोड’. नदी आणि किनारा याही रेषाच. म्हणून ‘नाशिक इज ऑन द गोदावरी’. नाशिक नदीच्या पाण्यावर तरंगत नाही, त्या रेषेला लागून आहे.

एकच जागा बोलणाऱ्याच्या नजरेप्रमाणे बिंदू किंवा वेढा होऊ शकते. ‘मीट मी ॲट द स्टेशन’ म्हणताना स्टेशन हे भेटीचं ठिकाण आहे, आत की बाहेर हे महत्त्वाचं नाही. ‘इट इज कूल इन द स्टेशन’ म्हणताना आपण इमारतीच्या आतलं बोलतोय. हा फरक एके ठिकाणी फार जपायला हवा. ब्रिटिश धाटणीच्या इंग्रजीत ‘ही इज इन हॉस्पिटल’ म्हणजे तो दाखल आहे. ‘ही इज ॲट द हॉस्पिटल’ म्हणजे तो तिथे आहे एवढंच. तो कुणाला भेटायला गेला असेल किंवा तिथे नोकरीलाही असेल. परगावच्या नातेवाइकाला मेसेज करताना या एका शब्दाने त्याचा जीव टांगणीला लागू शकतो.

वाहनांचा नियम सोपा आहे. ज्यात उभं राहून चालता येतं त्याला ‘ऑन’: ऑन द बस, ऑन द ट्रेन, ऑन द प्लेन. ज्यात वाकून शिरून बसावं लागतं त्याला ‘इन’: इन द कार, इन द टॅक्सी, इन द रिक्षा. ज्याच्यावर स्वार होतो त्याला पुन्हा ‘ऑन’: ऑन अ सायकल, ऑन अ बाइक, ऑन अ हॉर्स. प्रवासाची पद्धत सांगायची असेल तर ‘बाय’, पण मग मध्ये ‘अ’, ‘द’ किंवा ‘माय’ काही येत नाही. ‘आय केम बाय कार’ बरोबर. ‘बाय माय कार’ नाही, तिथे ‘इन माय कार’.

कधी कधी मराठी उलट मदतच करते. खोलीच्या कोपऱ्यात आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर, हा भेद आपण करतोच. इंग्रजीतही खोलीचा कोपरा ‘इन द कॉर्नर’ आणि रस्त्याचा ‘ॲट’ किंवा ‘ऑन द कॉर्नर’.

वेळ: सकाळी, सोमवारी, रात्री

आता हे तीन शब्द पाहा: सकाळी, सोमवारी, रात्री. तिन्हींच्या शेवटी एकच ‘ई’. इंग्रजीत मात्र तीन वेगळी प्रिपोझिशन: ‘इन द मॉर्निंग’, ‘ऑन मंडे’, ‘ॲट नाइट’.

यामागचं चित्र जागेसारखंच आहे. मोठा पसरलेला काळ हा वेढा, म्हणून ‘इन’. दिवस किंवा तारीख म्हणजे कॅलेंडरवरची एक चौकट, तिथे ‘ऑन’. घड्याळातली वेळ हा बिंदू, म्हणून ‘ॲट’. महाराष्ट्र राज्य स्थापन झालं ते ‘इन १९६०’, ‘इन मे १९६०’, पण ‘ऑन १ मे १९६०’. ‘ॲट नाइट’ हा या चित्रात न बसणारा अपवाद आहे. तो तसाच लक्षात ठेवा.

दिवसाचं नाव आलं की ते बाकीच्यांवर मात करतं. नुसती सकाळ असेल तर ‘इन द मॉर्निंग’, पण सोमवारची सकाळ असेल तर ‘ऑन मंडे मॉर्निंग’.

लास्ट, नेक्स्ट, धिस, एव्हरी यांच्याआधी काहीच लागत नाही. ‘ऑन नेक्स्ट मंडे’ नाही, नुसतं ‘नेक्स्ट मंडे’. ‘इन लास्ट इयर’ नाही, नुसतं ‘लास्ट इयर’.

दोन जोड्या अर्थ बदलतात म्हणून वेगळ्या सांगायला हव्यात. ‘ऑन टाइम’ म्हणजे ठरलेल्या वेळेला, वेळापत्रकाप्रमाणे. ‘इन टाइम’ म्हणजे उशीर होण्याआधी. गाडी ‘ऑन टाइम’ येते, डॉक्टर ‘इन टाइम’ पोचले म्हणून रोगी वाचतो. तसंच ‘ॲट द एंड’ म्हणजे कशाच्या तरी शेवटच्या टोकाला, उदाहरणार्थ ‘ॲट द एंड ऑफ द फिल्म’. ‘इन द एंड’ म्हणजे ‘हो-नाही करता करता अखेर’. मराठीत दोन्हीकडे ‘शेवटी’ म्हणून भागतं.

जिथे मराठीचा एक शब्द इंग्रजीत फुटतो

खऱ्या अर्थाने महागात पडणाऱ्या चुका इथे होतात, कारण वाक्य ऐकायला बरोबर वाटतं आणि अर्थ मात्र दुसराच पोचतो.

पासून. ‘मी २०२० पासून इथे काम करतो’ आणि ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करतो.’ मराठीत दोन्हीकडे ‘पासून’. इंग्रजी विचारते: तुम्ही सुरुवातीचा क्षण सांगताय की किती काळ लोटला ते? सुरुवात सांगत असाल तर ‘सिन्स २०२०’. लांबी सांगत असाल तर ‘फॉर फाइव्ह इयर्स’. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ ही मराठी माणसाची खास चूक, आणि तिचं मूळ या ‘पासून’मध्ये आहे.

इथे क्रियापदही बदलतं. ‘आय ॲम वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ नाही, तर ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. आणि नोकरीच्या अर्जात ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ असं लिहिलंत, तर वाचणारा समजतो की ती नोकरी तुम्ही सोडली आहे.

तिसरा शब्द ‘फ्रॉम’. आजपर्यंत चालत आलेल्या गोष्टीसाठी ‘सिन्स’, पुढे सुरू होणाऱ्या गोष्टीसाठी ‘फ्रॉम’. ‘उद्यापासून’ म्हणजे ‘फ्रॉम टुमॉरो’. तिथे ‘सिन्स’ कधीच नाही. दोन टोकं सांगायची असतील तरी ‘फ्रॉम’: ‘फ्रॉम २०१५ टू २०२०’.

पर्यंत. सुरुवातीच्या ईमेलमधला घोळ. स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे काम त्या वेळेपर्यंत सतत चालू राहणार आहे, की त्या वेळेच्या आत एकदा उरकायचं आहे? चालू राहणार असेल तर ‘टिल’ किंवा ‘अनटिल’: ‘द शॉप इज ओपन टिल नाइन’. एकदा उरकायचं असेल तर ‘बाय’: ‘पे द फी बाय ३१ जुलै’. म्हणजे ३१ तारखेपर्यंत कधीही भरा, त्यानंतर नको. मालकाने ‘यू कॅन स्टे टिल संडे’ म्हटलं तर रविवारपर्यंत राहायची मुभा आहे. ‘यू मस्ट लीव्ह बाय संडे’ म्हटलं तर रविवार ही बाहेर पडायची शेवटची मुदत आहे.

दिवसांनी आणि दिवसांत. ‘दोन आठवड्यांनी माल येईल’ आणि ‘दोन आठवड्यांत माल येईल’ यातला फरक मराठीत स्वच्छ आहे. इंग्रजीत ‘द गुड्स विल अराइव्ह इन टू वीक्स’ याचा अर्थ सहसा पहिला घेतात: आजपासून साधारण दोन आठवड्यांनी. पण ‘आय फिनिश्ड द बुक इन टू डेज’ म्हणजे दोन दिवसांत संपवलं. ‘इन’ असा दोन्हीकडे झुकतो. म्हणून मुदत पाळली जाणं गरजेचं असेल, तिथे ‘विदिन टू वीक्स’ असंच लिहावं. ऑर्डर, करार, नोटीस यांत हा शब्द पैशांचा असतो.

ने. हा तर बहुरूपी आहे. बसने गेलो: ‘बाय बस’. पेनने लिहिलं: ‘विथ अ पेन’. तापाने गेला: ‘डाइड ऑफ फीव्हर’. दोन दिवसांनी: ‘इन टू डेज’. आणि ‘रामने आंबा खाल्ला’ या वाक्यात तर काहीच नाही: ‘राम एट द मँगो’.

यात ‘बाय’ आणि ‘विथ’ यांचा भेद नीट समजून घ्या. ‘बाय’ करणाऱ्याकडे बोट दाखवतो, ‘विथ’ हत्याराकडे. ‘ही वॉज किल्ड बाय अ स्टोन’ म्हणजे दगड पडला आणि तो मेला, म्हणजे अपघात झाला. ‘ही वॉज किल्ड विथ अ स्टोन’ म्हणजे कुणीतरी दगड उचलून त्याला मारलं, म्हणजे खून झाला. मराठीत दोन्ही वाक्यांत ‘दगडाने’. हाच भेद जबाबात किंवा बातमीत चुकला तर काय होईल, याची कल्पना करा.

जोडीची प्रिपोझिशन: शी, वर आणि ला

आता दुसरा प्रकार. इथे मराठी प्रत्यय बघून इंग्रजी शब्द ठरवणं पूर्ण सोडून द्यायचं. का, ते या यादीवरून कळेल.

‘शी’ बघा:
- डॉक्टरशी लग्न झालंय: मॅरीड टू अ डॉक्टर
- तुझ्याशी सहमत आहे: अग्री विथ यू
- माझ्याशी बोल: टॉक टू मी
- कामाशी संबंधित: रिलेटेड टू वर्क

‘वर’ बघा:
- पावसावर अवलंबून: डिपेंड ऑन द रेन
- त्याच्यावर हसले: लाफ्ड ॲट हिम
- देवावर विश्वास: बिलीव्ह इन गॉड
- प्रश्नावर उपाय: अ सोल्यूशन टू द प्रॉब्लेम
- मुलावर प्रेम करते: लव्हज हर सन, म्हणजे काहीच नाही

‘ला’ बघा:
- मुंबईला गेला: वेंट टू मुंबई
- मुंबईला राहतो: लिव्हज इन मुंबई
- मुंबईला पोचला: रीच्ड मुंबई, पण अराइव्ह्ड इन मुंबई
- कुत्र्याला घाबरतो: अफ्रेड ऑफ डॉग्ज
- आईला विचारलं: आस्क्ड हर मदर
- आईला म्हणाली: सेड टू हर मदर

काही ठिकाणी जोडीदार बदलला की अर्थही बदलतो, आणि तिथे सावध राहायला हवं. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे झेलण्यासाठी त्याच्याकडे टाक. ‘थ्रो द बॉल ॲट हिम’ म्हणजे त्याला लागेल असा फेकून मार. ‘शाउट टू’ म्हणजे लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून हाक मारणं, ‘शाउट ॲट’ म्हणजे कुणावर ओरडणं. दोन्हीकडे ‘ॲट’मध्ये नेम धरल्याचा भाव आहे. ‘टायर्ड फ्रॉम वर्क’ म्हणजे काम करून थकलेला, ‘टायर्ड ऑफ वर्क’ म्हणजे कामाला कंटाळलेला. मुलाखतीत दुसरं वाक्य तोंडातून गेलं, तर समोरचा तुमच्या उत्साहाबद्दल वेगळाच अंदाज बांधेल.

नको तिथे प्रिपोझिशन का येतं?

‘डिस्कस अबाउट’, ‘एम्फसाइझ ऑन’, ‘ऑर्डर फॉर’, ‘रिक्वेस्ट फॉर’. भारतीय इंग्रजीत ही जादा प्रिपोझिशन फार दिसतात. मराठीत आपण विषयाबद्दल चर्चा करतो, मुद्द्यावर भर देतो, म्हणून ती आपसूक येतात. पण आणखीही एक कारण आहे. या शब्दांची नामं प्रिपोझिशन घेतात, क्रियापदं मात्र घेत नाहीत. जोड्या पाहा:

- अ डिस्कशन अबाउट मनी, पण टू डिस्कस मनी
- एम्फसिस ऑन हेल्थ, पण टू एम्फसाइझ हेल्थ
- अ रिक्वेस्ट फॉर हेल्प, पण टू रिक्वेस्ट हेल्प
- अ डिमांड फॉर वॉटर, पण टू डिमांड वॉटर
- ॲन आन्सर टू द क्वेश्चन, पण टू आन्सर द क्वेश्चन
- मॅरेज टू अ डॉक्टर, पण टू मॅरी अ डॉक्टर

एकदा ही जोडी डोळ्यांत बसली की अर्ध्याहून अधिक चुका आपोआप गळतात. ‘एंटर’चंही तसंच: खोलीत शिरायचं तर ‘एंटर द रूम’. ‘एंटर इनटू’ राहतं ते करारासाठी, ‘एंटर इनटू ॲन अग्रीमेंट’. ‘कोप अप विथ’ नाही, ‘कोप विथ’. ‘कम्प्राइझेस ऑफ’ नाही, नुसतं ‘कम्प्राइझेस’. ‘ऑफ’ लागतो तो ‘कन्सिस्ट्स’ला.

ईमेलच्या शेवटच्या ओळीबद्दलही इथेच सांगून टाकू. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ असं हमखास लिहिलं जातं. इथला ‘टू’ हा ‘टू गो, टू ईट’ मधला ‘टू’ नाही. तो प्रिपोझिशन आहे. ओळखण्याची युक्ती अशी, की पुढे एखादं नाम ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द मीटिंग’ चालतं ना? मग क्रियापदालाही नामासारखं रूप द्या: ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’.

हवं तिथे का गळतं?

याच्या उलट चूकही होते. मराठीत आपण म्हणतो ‘बसायला खुर्ची’, ‘लिहायला पेन’, ‘लिहायला कागद’, ‘बोलायला माणूस’. खुर्चीवर बसायचं, पेनने लिहायचं, कागदावर लिहायचं, माणसाशी बोलायचं. हे ‘वर’, ‘ने’, ‘शी’ मराठीत अध्याहृत राहतात, ऐकणारा ते समजून घेतो. इंग्रजी ते गाळू देत नाही, वाक्याच्या शेवटी ठेवते:

- अ चेअर टू सिट ऑन
- अ पेन टू राइट विथ
- सम पेपर टू राइट ऑन
- समवन टू टॉक टू

‘धिस इज द हाउस आय लिव्ह’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट वाटतं. ‘धिस इज द हाउस आय लिव्ह इन’ असं हवं. तपासायचं कसं? वाक्य सरळ करून पाहा. ‘आय लिव्ह द हाउस’ म्हणता येत नाही, ‘आय लिव्ह इन द हाउस’ म्हणावं लागतं. मग तो ‘इन’ कुठेतरी यायलाच हवा.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन ठेवणं चूक आहे, असं काहींना शाळेत शिकवलेलं असतं. ही तक्रार जुनी आहे. १६७२ मध्ये जॉन ड्रायडन या इंग्रज कवीने आधीच्या पिढीतल्या बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला होता. पण इंग्रजी बोलणारे त्याआधीही असं बोलत होते आणि आजही बोलतात. ‘व्हॉट आर यू टॉकिंग अबाउट?’ हे उत्तम इंग्रजी आहे.

असाच आणखी एक अर्धवट नियम म्हणजे ‘दोघांत बिट्वीन, जास्त असतील तर अमंग’. ‘बिट्वीन’च्या पोटात ‘दोन’ आहे हे खरं. पण तिघा-चौघांची नावं स्वतंत्रपणे घेतली तर तिथेही ‘बिट्वीन’च बरोबर: ‘ॲन अग्रीमेंट बिट्वीन इंडिया, नेपाळ अँड भूतान’. ‘अमंग’ घोळक्यासाठी.

दोन्ही बरोबर असू शकतात

कधी कधी पुस्तकात एक आणि सिनेमात दुसरंच ऐकू येतं. तेव्हा कुणीतरी चुकलंच आहे असं नाही. ब्रिटिश म्हणतात ‘ॲट द वीकेंड’, अमेरिकन म्हणतात ‘ऑन द वीकेंड’. ब्रिटनमध्ये ‘मंडे टू फ्रायडे’, अमेरिकेत ‘मंडे थ्रू फ्रायडे’. ‘डिफरंट फ्रॉम’ सगळीकडे चालतं, ‘डिफरंट टू’ ब्रिटनमध्ये आणि ‘डिफरंट दॅन’ अमेरिकेत ऐकू येतं. एका मजकुरात एकच पद्धत ठेवली की झालं.

मग सराव कसा करायचा?

पहिली गोष्ट, नवा शब्द एकटा शिकू नका. वहीत ‘इंटरेस्टेड म्हणजे रस असलेला’ असं न लिहिता ‘इंटरेस्टेड इन’ असं लिहा आणि पुढे स्वतःबद्दलचं एक खरं वाक्य: ‘माय डॉटर इज इंटरेस्टेड इन चेस.’ शब्द आणि त्याचा जोडीदार एकाच श्वासात यायला हवेत.

दुसरी, विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश वापरा. ए. एस. हॉर्नबी यांचा ऑक्सफर्डने १९४८ मध्ये काढलेला कोश या परंपरेतला प्रसिद्ध. अशा कोशांत शब्दाचा अर्थ तर असतोच, शिवाय तो कोणतं प्रिपोझिशन घेतो तेही उदाहरणासह दिलेलं असतं. आता ते मोबाइलवरही मिळतात. इंग्रजी-मराठी कोशात बऱ्याचदा नुसता अर्थ मिळतो आणि जोडीदार राहून जातो.

तिसरी, महत्त्वाचा मजकूर पाठवण्याआधी फक्त प्रिपोझिशनसाठी एकदा वाचा. प्रत्येक ‘पासून’, ‘पर्यंत’ आणि ‘ने’च्या जागी काय लिहिलंय ते तपासा.

सगळ्या चुका एकदम सुधारायच्या मागे लागू नका. ‘डिस्कस अबाउट’ म्हटलं तर कानाला खटकतं, पण अर्थ पोचतो. ‘बाय’च्या जागी ‘टिल’ गेला तर अर्थच बदलतो. आधी दुसऱ्या जातीच्या चुका काढा. पहिल्या जातीच्या वाचता-ऐकता कमी होत जातील.

जाता जाता स्वतःला तपासा. खालच्या वाक्यांचं इंग्रजी मनात करा आणि मगच उत्तरं पाहा.

१. मी चार वर्षांपासून नाशिकला राहतो.
२. फॉर्म ३१ जुलैपर्यंत भरा.
३. तिचं एका डॉक्टरशी लग्न झालंय.
४. या विषयावर उद्या चर्चा करू.
५. मला बसायला खुर्ची द्या.

उत्तरं:

१. आय हॅव बीन लिव्हिंग इन नाशिक फॉर फोर इयर्स.
२. सबमिट द फॉर्म बाय ३१ जुलै.
३. शी इज मॅरीड टू अ डॉक्टर.
४. वुई विल डिस्कस धिस टॉपिक टुमॉरो.
५. प्लीज गिव्ह मी अ चेअर टू सिट ऑन.

पाचही बरोबर आली तर उत्तम. एखादं चुकलं असेल, तर त्या वाक्यातला मराठी प्रत्यय कोणता होता ते बघा. ‘पासून’, ‘पर्यंत’, ‘शी’, ‘वर’, की न दिसणारा? तुमची वही त्याच पानापासून सुरू करा.